एक डावी, एक उजवी

संबोधीने पहिली पट्टी उचकटली ती डोळ्यांना खुपली म्हणून. त्यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं.

सकाळची वेळ होती. तिचे बाबा, धोंडिबा, आणि आई, कौसल्या, खाली बगिच्यात फिरायला गेले होते. तिथून ते कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे खाऊनच वर यायचे. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर हातभर लांबीची एक लाकडी नाव उपडी ठेवलेली होती. नाव कसली, अजून नुसता सापळाच: मधोमध कणा, त्याला आडव्या बरगड्या, आणि बरगड्यांवर दोन्ही अंगांनी चिकटवत आणलेल्या बारीक पट्ट्या. डाव्या अंगाच्या पट्ट्या एकीला एक लागून बसल्या होत्या. उजव्या अंगाची अगदी अलीकडची पट्टी मात्र मध्येच वर उचलली गेली होती. फटीत बोटाचं नख जात होतं.

संबोधी सांवेर रोडवर औषधांचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघायची. वाकडं काही दिसलं की तिचा हात आपोआप पुढे जायचा. तिने ब्लेडचं पातं फटीत सरकवलं, पट्टी सोडवली, जुना गोंद खरवडला आणि पट्टी दाबून पुन्हा बसवली. फेविकॉल वाळायला वेळ लागतो आणि तिला तर बस गाठायची होती, म्हणून तिने दोन थेंबांत चिकटणारा झटपट गोंद वापरला. पट्टी बसली. संबोधीने हात धुतले आणि डबा भरायला घेतला.

पोहे खाऊन बाबा वर आले ते थेट टेबलापाशी.

“कौसल्या, इकडे ये! कालची पट्टी बसली की गं. रात्रभर वाळून आपोआप बसली. क्या बात है!”

पट्टी आपण बसवली, एवढंच संबोधीला सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण बाबांचा उजवा हात त्या पट्टीवरून फिरत होता, तोंडभर हसू होतं, आणि झटका आल्यापासून तसं हसू घरात कुणी पाहिलं नव्हतं. संबोधी डब्याचं झाकण शोधत राहिली. झाकण तिच्या हातातच होतं.

अर्धांगाचा झटका हिवाळ्यात आला होता. बोलणं लवकर परतलं, पायही हळूहळू चालू लागला, उजवा हात मात्र मागे राहिला. बाबांची सगळी नोकरी पोस्टात गेली होती, आणि त्या नोकरीत त्यांनी आपल्या उजव्या हाताइतका अभिमान दुसऱ्या कशाचा बाळगला नव्हता. पत्रावर ठप्पा असा मारायचे की तिकिटावरची तारीख दुरूनही वाचता यावी. आता त्याच हातातून चमचा निसटायचा. घरी येऊन व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट शलाका म्हणाली होती, “काकांना बोटांचं काही तरी काम द्या, त्यांना करावंसं वाटेल असं.” म्हणून संबोधीने त्यांना मोबाइलवर लाकडी खेळण्यांचे संच दाखवले. रेल्वेचं इंजिन होतं, विमान होतं. बाबांनी नावेवर बोट ठेवलं.

“नाव?” आई म्हणाली. “ओंकारेश्वरला नावेत बसलात तेव्हा निम्म्या वाटेत ‘उतरवा मला, उतरवा मला’ चाललं होतं.”

“बसायचं कुणी म्हटलंय? बनवायचीय.”

आयुष्यात त्यांनी लाकडाला हात लावला नव्हता. घरात खिळा ठोकायचा तरी शेजारच्यांना बोलवायचे. पण संचाबरोबर आलेली पुस्तिका त्यांनी एखाद्या सरकारी परिपत्रकासारखी वाचून काढली. पट्टी आधी गरम पाण्यात भिजवायची, मऊ झाली की हलक्या हाताने वाकवायची, कपड्यांच्या चिमट्यांनी बरगड्यांवर धरून वाळवायची, मग चिकटवायची. आणि एक नियम ठळक अक्षरांत: एक पट्टी डाव्या अंगाला लावली की पुढची उजव्या अंगाला. एकाच अंगाला ओळीने लावत जायचं नाही. का, ते पुस्तिकेत नव्हतं. बाबांना कारण नकोच होतं. त्यांचे वडील पलटणीत हवालदार होते. महूला ते पोरांना शाळेतसुद्धा कदम मिळवत, डावा-उजवा करत न्यायचे. बाबांनी तो नियम संबोधीला मोठ्याने वाचून दाखवला आणि मग पट्टी लावताना प्रत्येक वेळी पुटपुटायचे, “बाएँ… दाहिने. बाएँ… दाहिने.”

डाव्या अंगाला पट्टी लावताना चांगला डावा हात दाबायचा आणि उजवा नुसता धरून राहायचा. उजव्या अंगाला मात्र दाबायचं काम उजव्यालाच करावं लागायचं. सगळ्या फटी त्याच बाजूला पडायच्या, त्या यामुळे. आणि संबोधी बुजवायची तीही तीच बाजू.

पहिल्या पट्टीनंतर दुसरीला तिला फारसं काही वाटलं नाही. तिसरीपासून ती आईबाबा खाली उतरण्याची वाट बघू लागली. एवढ्या घाईत पाणी तापवून पट्टी भिजवायला सवड कुठली? ती कोरडीच पट्टी दाबायची, करकर वाजली तरी दाबून धरायची, आणि गोंदाचा थेंब सोडायची. डाव्या अंगाला ती हात लावत नव्हती, कारण तिथे काही वाकडं नव्हतं.

नावेचं उजवं अंग दिवसेंदिवस नेटकं होत गेलं. बाबा शेजारच्यांना बोलावून दाखवू लागले. “लकवा झालेल्या हाताचं काम आहे, भिया. हात लावून बघा.” वाटीतले राजमे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा व्यायाम त्यांनी आधी निम्मा केला, मग सोडूनच दिला. “राजम्यांची पलटण उभी करायचीय का मला? इथे नाव तयार होतेय.”

शलाका आली तेव्हा तिनेही नाव हातात घेतली. “काका, हे उजवीकडचं काम तर डावीकडच्यापेक्षा सफाईदार झालंय!” तिने बाबांना मूठ वळायला सांगितली. बाबांनी जोर लावून वळली आणि तोंडावर असा भाव आणला, जणू काही विशेष नाहीच. “छान,” शलाका म्हणाली. “नाव चालू ठेवा. व्यायाम थोडे कमी झाले तरी चालतील.”

संबोधी चहा घेऊन उभी होती. तिने ट्रे नावेपासून दूर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

शेवटची पट्टी लागली त्या दिवशी रविवार होता. बाबांनी नाव पहिल्यांदाच सुलटी केली, टेबलाच्या कडेवर ठेवली, खुर्चीवर बसून एक डोळा मिटला आणि कण्याच्या रेघेत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची बदलली, दुसरा डोळा मिटला.

“नाक वळलंय,” ते म्हणाले.

नाक वळलं होतं. नावेचा पुढचा भाग उजवीकडे झुकला होता. कुणी तिला मानेला धरून फिरवलं असावं, अशी ती दिसत होती. संबोधीला एका नजरेत कळलं. कारखान्यात पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ताणून कागद चिकटवला की वाळताना पुठ्ठा त्या बाजूला वाकतो, हे ती नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवायची. कोरड्या, जोराने दाबलेल्या पट्ट्यांना सरळ व्हायचं होतं. त्या सगळ्या एकाच अंगाला होत्या. त्यांनी कणा आपल्याकडे ओढला होता.

बाबांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

“डावीकडे ओढ नाही,” ते म्हणाले. “हाच ओढतोय. धरताना कुठे तरी वेडावाकडा जोर देतोय आणि मला कळतसुद्धा नाही. मला वाटत होतं सुधारला.”

“बाबा, पहिलीच नाव आहे,” संबोधी म्हणाली. “पहिल्या नावेचं असं होतंच.”

हेही खोटंच होतं, फक्त ऐकायला बरं.

आईने नाव कपाटावर ठेवली आणि वर वर्तमानपत्र टाकलं. त्या रात्रीपासून बाबा डाव्या हाताने जेवू लागले. राजम्यांच्या वाट्या परत ओट्यावर गेल्या आणि एक दिवस आईने ते राजमे शिजवून टाकले. सकाळी फिरायला जाणं चालू राहिलं, पण पोह्यांच्या ठेल्यावर बाबा हात खिशात घालून उभे राहायचे, आई म्हणाली. “प्लेट धरायला नको म्हणून. भूक नाही म्हणतात. शेव कमी पडली म्हणून भांडणारा माणूस, त्याला भूक नाही?”

शलाकाने मूठ तपासली आणि पुन्हा तपासली. निघताना ती लिफ्टपाशी थांबली.

“मूठ मागच्यापेक्षा ढिली आहे, ताई. हेच महिने असतात. हातात जे परत यायचं ते आत्ताच येतं, पुढे नुसतं सांभाळणं उरतं. आणि काका हात वापरतच नाहीयेत. घरात काही झालंय का?”

“नाही. काही नाही,” संबोधी म्हणाली.

लिफ्ट खाली गेली. संबोधी बंद दारासमोर उभी राहिली. सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार होतं. नाक मी वळवलं म्हटलं, की सरळ पट्ट्याही माझ्याच म्हणाव्या लागणार. बिघाड बाबांचा नव्हता, तशी शाबासकीही बाबांची नव्हती. दोन्ही काढून घेतल्यावर त्यांच्याकडे काय उरेल, या विचारापाशी येऊन ती रोज थांबत होती. त्या थांबण्याला ती मनात ‘बाबांची काळजी’ म्हणत होती. त्या नावावर तिचा स्वतःचाही विश्वास राहिला नव्हता.

कारखान्यात एक पद्धत होती. कड सुटलेला खोका दुरुस्त करायला कुणाची ना नव्हती, पण दुरुस्त केलेल्या प्रत्येक नगावर पिवळा ठिपका चिकटवायचा. ठिपक्याशिवाय दुरुस्तीचा माल पुढे गेला, तर संबोधी कुणाचीच गय करायची नाही. त्या आठवड्यात संजीवची पाळी आली. लाइनवरचा जुना माणूस. सुटलेल्या कडा त्याने हाताने चिकटवल्या होत्या आणि खोके चांगल्या मालात सरकवले होते.

“मॅडमजी, बघा ना, एकदम फर्स्ट क्लास बसलेत. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“तेच तर. कळलं पाहिजे.” संबोधीचा आवाज चढला. “दुरुस्त करू नको असं कोण म्हणालं? ठिपका का नाही लावलास? उद्या हा खोका उखडला तर दोष कुणाचा शोधायचा? मशीनचा? बिचारी मशीन नीट चालतेय आणि आपण तिचे भाग खोलत बसणार! तू चांगलं करायला गेलास आणि…”

ती मध्येच थांबली. संजीव खाली मान घालून पुढच्या वाक्याची वाट बघत होता. ते आलंच नाही, तेव्हा त्याने वर पाहिलं.

“मॅडम, पानी लाऊं?”

“नको. ठिपके लाव सगळ्यांना.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि एक शीट मला दे.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा आतल्या खोलीत टीव्हीवर बातम्या बघत होते. तिने पर्स न ठेवताच कपाटावरून नाव उतरवली, टेबलावर उपडी केली आणि पिवळे ठिपके काढून लावायला सुरुवात केली. कुठली पट्टी आपली, हे तिला आठवावं लागलं नाही. झटपट गोंदाची चकाकी बोटाला लागत होती.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत बघत राहिली.

“मला माहीत होतं,” ती हळूच म्हणाली. “एकदा चष्मा विसरला म्हणून मी वर आले होते. तू पातं घेऊन बसली होतीस. तशीच परत गेले.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू का नाही बोललीस?” आई म्हणाली. “मीपण त्यांचं तोंडच बघत होते.”

उजवं अंग जवळजवळ पिवळं झालं. डाव्या अंगाला एकही ठिपका नव्हता. संबोधीने आतल्या खोलीच्या दारात जाऊन हाक मारली, “बाबा, जरा बाहेर येता?”

बाबा आले, नावेकडे पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून गंमत निघाली. “हे काय? नावेला कांजिण्या आल्या?”

“जिथे ठिपका आहे ती पट्टी मी लावलीय, बाबा,” संबोधी म्हणाली. वाटेत बसमध्ये तिने हे वाक्य तयार केलं होतं, तरी ते धड निघालं नाही. “तुम्ही लावलेली काढून. तुम्ही फिरायला गेल्यावर.”

बाबा खुर्चीवर बसले. त्यांनी नाव जवळ ओढली आणि एकेका पट्टीवर बोट टेकवत गेले.

“ही?”

“माझी.”

“ही जी वाळून बसली होती ती?”

“तीच पहिली.”

“शलाका जिला सफाईदार म्हणाली?”

“ती सगळी बाजूच.”

बोट पुढे सरकलं, नाकापर्यंत आलं आणि थांबलं. “आणि हे?”

“तेही मीच. तुमच्या हाताने नाही वळलं. मी पट्ट्या भिजवल्या नाहीत, कोरड्याच दाबल्या. आणि एकाच अंगाला.”

“एक डावी, एक उजवी,” बाबा म्हणाले.

“हो.”

“मी तुला वाचून दाखवलं होतं.”

“हो, बाबा.”

टीव्हीवरचा माणूस आत कुणाला तरी जाब विचारत होता. आईने जाऊन टीव्ही बंद केला.

“फट मला दिसायची,” बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “झोपताना विचार करायचो, उद्या काय करता येईल. अंगठ्याऐवजी तळव्याने दाबून बघू? सकाळी बघतो तर पट्टी बसलेली. करून बघायचं राहूनच जायचं. मी मूर्ख, गोंदाला शाबासकी देत होतो. शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होतो. त्या पोरीसमोर मूठ वळून दाखवली.” ते उठले. “आणि नाक वळलं तेव्हा तू काय म्हणालीस? पहिल्या नावेचं असं होतंच.”

बाबांनी नाव काखेत घेतली आणि आत गेले. जेवायला आले नाहीत. आई ताट आत घेऊन गेली आणि रिकामं परत आणलं. कुठल्या हाताने जेवले, हे विचारायची संबोधीची छाती झाली नाही.

पुढचे दिवस नाव बाबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर राहिली. फिरायला जाताना ते खोलीच्या दाराची कडी बाहेरून लावायचे. कडीला कुलूप नव्हतं, कुणीही उघडली असती. ते संबोधीकडे बघत आणि कडी लावत. बोलणं चालायचं ते आईमार्फत. “तिला सांग, बस चुकेल.” “त्यांना सांग, चाललेय.” कारखान्यात संजीव आता गरज नसलेल्या खोक्यांनाही ठिपके लावून ठेवायचा. संबोधी ते मुकाट्याने काढायची.

पुढच्या रविवारी बाबांनी आतून थेट हाक मारली. नेहमीसारखं संबू म्हणाले नाहीत, नुसतं “ए” म्हणाले.

“नखांचं पॉलिश पुसायचं असतं ते आण. हा गोंद त्यानेच सुटतो, मी मोबाइलवर बघितलं. आणि कौसल्या, पाणी तापव.”

वर्तमानपत्र पुन्हा टेबलावर आलं. संबोधी समोरच्या खुर्चीवर बसली आणि सवयीने तिचा हात पुढे गेला.

“हात मागे,” बाबा म्हणाले.

तिने हात पाठीमागे बांधले, शाळेत बांधायची तसे.

ठिपक्यांच्या पट्ट्या बाबांनी एकेक करून सोडवल्या. पातं त्यांनी उजव्या हातात धरलं होतं. ते दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा एका बरगडीचा टवका उडाला. संबोधी ओठ चावून बसली. दुपार कलली तेव्हा उजवं अंग उघडं पडलं होतं. बाबांनी नाव सुलटी करून एक डोळा मिटला. नाक बरंचसं परत आलं होतं. पुरतं नव्हतं. थोडी ओढ लाकडात तशीच मुरली होती.

“हे राहणार,” ते म्हणाले.

“हो,” संबोधी म्हणाली. ती ओढ कोणाच्या हाताची, हे दोघांनाही माहीत होतं.

डाव्या अंगाच्या काही पट्ट्याही बाबांनी काढल्या होत्या, कदम पुन्हा मिळावा म्हणून. आता त्यांनी दोन पट्ट्या पातेल्यात भिजवल्या, वाकवल्या, चिमटे लावले, आणि जेवून येईपर्यंत वाळू दिल्या. मग गोंद लावला. “बाएँ,” ते पुटपुटले, आणि डावीकडची पट्टी बसली. “दाहिने.” उजवा हात पट्टीवर आला. अंगठ्याऐवजी त्यांनी तळवा टेकवला आणि दाबला. मनगट थरथरत होतं. त्यांनी डाव्या हाताची मदत घेतली नाही. हात काढला तेव्हा पट्टी मध्ये किंचित वर आली.

“बघ, क्वालिटी,” बाबा म्हणाले. “कशी आहे?”

संबोधी वाकली. आई स्वयंपाकघरातून बघत होती. छान म्हणणं अगदी जिभेवर होतं. पाठीमागे बांधलेली बोटं एकमेकांत घट्ट रुतली.

“फट आहे, बाबा.”

“केवढी?”

“नख जाईल एवढी.”

बाबांनी पुन्हा तळवा टेकवला, या वेळी जास्त वेळ. त्यांच्या कपाळावर घाम आला. “आता?”

“कमी झाली. पण आहे.”

“असू दे.” त्यांनी पट्टीला चिमटा लावला. तो निसटून खाली पडला, संबोधीच्या पायाशीच. ती हलली नाही. बाबांनी वाकून तो उचलला आणि पुन्हा लावला. “हिला ठिपका लावू नको,” ते म्हणाले. “ही माझी आहे.”

मग त्यांनी डाव्या अंगाची पुढची पट्टी पाण्यात टाकली.